हार्ड रॉक बँड दौऱ्यावर असताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी परदेश दौऱ्यातल्या एका रात्रीविषयी लिहिलं होतं, शेवटचं गाणं संपल्यापासून शेवटच्या ट्रकचं दार बंद होईपर्यंतची रात्र. त्यावर बरीच पत्रं आली. मी चौदा वर्षं बॅकलाइनवर काम केलं. बॅकलाइन म्हणजे गिटारी, बेस, ड्रम, अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यांना जोडणाऱ्या केबली. ज्या बँडबरोबर सर्वांत जास्त फिरले, त्याचं नाव मी लिहीत नाही; करारात तशी अट होती आणि मला ती योग्यच वाटते. मात्र जगजाहीर असलेल्या बँडांची उदाहरणं नावानिशी देते.

प्रश्न : मंगळवारी एका देशात आणि शुक्रवारी दुसऱ्या देशात कार्यक्रम असतो. एवढं अवाढव्य स्टेज उतरवून, नेऊन, पुन्हा उभं करायला तीन दिवस पुरतात कसे? (स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी)

उत्तर : पुरतच नाहीत. तुम्ही मंगळवारी पाहिलेलं लोखंड शुक्रवारी त्या दुसऱ्या देशात गेलेलं नसतं. मोठ्या स्टेडियम दौऱ्यात स्टेजच्या सांगाड्याचे दोन किंवा तीन संच असतात. एकावर कार्यक्रम चालू असतो, तेव्हा दुसरा पुढच्या शहरात उभा राहत असतो आणि तिसरा रस्त्यावर असतो. सांगाडा उभा करायलाच तीन-चार दिवस जातात. त्याला आम्ही नुसतं ‘स्टील’ म्हणायचो. बँडबरोबर रोज रात्री जातं ते ‘प्रॉडक्शन’ : स्पीकर, दिवे, पडदे, मिक्सर आणि बॅकलाइन. हे सगळं एकच असतं आणि तेच एका सांगाड्यावरून दुसऱ्या सांगाड्यावर चढतं.

बंदिस्त अरीनामध्ये मात्र स्टीलचा प्रश्न येत नाही, कारण जवळजवळ सगळं छतालाच टांगलेलं असतं. तुम्ही स्थापत्यशास्त्र शिकता म्हणून सांगते, संधी मिळाली तर अरीनात सकाळी सहा वाजता जा. रिकाम्या हॉलमध्ये सर्वांत आधी शिरतात ते रिगर, म्हणजे छताला सामान टांगणारे. एकाच्या हातात मोजपट्टी, दुसऱ्याच्या हातात खडू. ते जमिनीवर खडूने गोल काढत जातात आणि प्रत्येक गोलात एक आकडा लिहितात : या जागेच्या बरोबर वर छताला किती किलो लोंबणार. मग छताच्या तुळयांवर चढलेले रिगर दोर खाली सोडतात आणि साखळ्या वर ओढून घेतात. तासाभरात सगळी जमीन पांढऱ्या गोलांनी भरून जाते. त्या गोलांवर पाय पडू नये म्हणून मी कडेकडेने चालायचे. कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण त्या आकड्यांखालीच संध्याकाळी माणसं उभी राहणार असायची.

आणि टांगायचं म्हणजे काय काय टांगायचं! एसी/डीसी या बँडची घंटा घ्या. 1980 मध्ये इंग्लंडमधल्या लाफबरो इथल्या जॉन टेलर यांच्या ओतशाळेत ती सुमारे एक टनाची कांस्याची घंटा ओतली गेली आणि बँड ती दौऱ्यावर घेऊन फिरला. एक टन वजन गायकाच्या डोक्यावर लोंबत असताना खालचा आकडा बरोबर आहे ना, हे कोणीतरी दोनदा पाहिलेलं असावं लागतं.

बाकी सगळं क्रमावर चालतं. सकाळी जे आधी लागणार ते रात्री ट्रकमध्ये शेवटी भरायचं. म्हणून रिगिंग दाराशी आणि बॅकलाइन आत. आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही : दौऱ्याचा नकाशा बऱ्याच अंशी ट्रकचालकाच्या झोपेवर ठरतो. युरोपीय संघात चालकाला दिवसाला 9 तास गाडी चालवता येते, आठवड्यातून फक्त दोनदा 10 तास, आणि साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची. दोन शहरांमधलं अंतर यात बसलं नाही, तर एकतर दुसरा चालक घ्यायचा किंवा एक दिवस मोकळा सोडायचा. ‘आमच्या शहराला का वगळलं?’ असं चाहते चिडून विचारतात, तेव्हा कारण बरेचदा इतकं साधं असतं.

प्रश्न : प्रत्येक देशात विजेचा दाब वेगळा. मग ते जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प जळत नाहीत का? मी स्वतः कीबोर्ड वाजवतो. (एक वादक)

उत्तर : हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अमेरिकेत 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ (म्हणजे विजेची सेकंदाला 60 आवर्तनं), युरोपात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, जपानमध्ये 100 व्होल्ट. अमेरिकन अ‍ॅम्प तसाच युरोपातल्या भिंतीला जोडला तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर. उलट 120 चा अ‍ॅम्प जपानच्या 100 वर लावला तर जळत नाही, पण दमल्यासारखा वाजतो. नळ्या, म्हणजे ते व्हॉल्व्ह, पुरत्या तापत नाहीत. म्हणून मोठे दौरे स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आणि वीज वाटणारी पेटी बरोबर नेतात. स्थानिक वीज एका बाजूने आत घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने सगळ्या बॅकलाइनला रोज तोच एक दाब द्यायचा.

पण ट्रान्सफॉर्मरने दाब बदलतो, हर्ट्झ बदलत नाहीत. तुम्ही कीबोर्ड वाजवता, तर हे तुम्हाला आवडेल. हार्ड रॉकमधला तो गुरगुरणारा जुना हॅमंड ऑर्गन, डीप पर्पलचे जॉन लॉर्ड जो मार्शल अ‍ॅम्पमधून वाजवायचे, त्याच्या आत दातेरी चकत्या फिरतात आणि त्या फिरवणारी मोटर विजेच्या हर्ट्झशी बांधलेली असते. म्हणजे त्याचा सूर थेट वीजकेंद्रातून येतो. 60 हर्ट्झसाठी बनवलेला हॅमंड 50 वर लावलात तर तो जवळजवळ तीन अर्धस्वर खाली उतरतो : तुम्ही ‘सा’ दाबाल आणि खालचा धैवत ऐकू येईल, तोही किंचित उतरलेला. जपानात तर पूर्वेला 50 आणि पश्चिमेला 60 हर्ट्झ आहे. ओसाकाला 60, टोकियोला 50. एकाच देशात, एकाच आठवड्यात, एकाच वाद्याचे दोन सूर. डीप पर्पलने ऑगस्ट 1972 मध्ये ओसाका आणि टोकियोत वाजवलं, आणि त्या तीन रात्रींचं ध्वनिमुद्रण आजही लोक कानात प्राण आणून ऐकतात. असं वाद्य घेऊन तिकडे जाणाऱ्याला हर्ट्झ बदलणारं यंत्र बरोबर ठेवावंच लागतं.

आता दाब आणि हर्ट्झ यांच्याहून महत्त्वाची गोष्ट : अर्थिंग. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थशी जोडलेल्या असतात. माइकची जाळी ध्वनियंत्रणेच्या अर्थशी. दोन्हींपैकी एकाचा अर्थ तुटलेला असेल, तर बोटं तारांवर आणि ओठ माइकवर ठेवणारा माणूस त्या दोन टोकांमधली वायर होतो. 3 मे 1972 ला वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचे गिटारवादक लेस हार्वी स्टेजवरच असे गेले. माइकला अर्थ नव्हता. 12 डिसेंबर 1976 ला फ्लोरिडात लेकलँड इथे ‘किस’च्या एस फ्रेलीने अर्थ नसलेल्या लोखंडी कठड्याला हात लावला आणि तो कोसळला. तो वाचला, थोड्या वेळाने परत येऊन त्याने कार्यक्रमही पुरा केला. त्यानंतर त्या बँडने गिटारला वायरलेस लावलं.

माझा एक अनुभव. एका जुन्या नाट्यगृहात दुपारी चारला साउंडचेक. मी रोजच्याप्रमाणे मीटरचं एक टोक गायकाच्या माइकच्या जाळीवर टेकवलं, दुसरं गिटारच्या सहाव्या तारेवर. आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. आला 92 व्होल्ट. मला वाटलं मीटर बिघडला, म्हणून टोकं पुसून पुन्हा लावली. पुन्हा 92. मी हात वर करून ओरडले, ‘कोणी काही धरू नका!’ गायक पायऱ्या चढून वर येतच होता. तो जागच्या जागी थांबला आणि दोन्ही हात काखेत घालून उभा राहिला. तिथल्या वीजतंत्रज्ञाला पाऊण तास लागला. कोणीतरी दिव्यांच्या गुरगुराटाला कंटाळून एका जोडवायरीच्या प्लगमधली अर्थची तार कापून टाकली होती. दुरुस्तीनंतर मी मीटर पुन्हा लावला, गायक वाकून आकडा बघत होता. 0.3 दिसल्यावर त्याने हात काखेतून बाहेर काढले.

तुम्ही लहान कार्यक्रम करत असाल तरी एक साधा मीटर पिशवीत ठेवा. आणि गुरगुर येते म्हणून अर्थ कधीही कापू नका. त्यासाठी योग्य ट्रान्सफॉर्मरची छोटी पेटी मिळते.

प्रश्न : या बँडांचे नखरे फार असतात म्हणे. एका बँडला चॉकलेटच्या गोळ्यांमधल्या तपकिरी गोळ्या वेचून काढून हव्या असायच्या. हे खरं का? (निवृत्त शिक्षिका)

उत्तर : खरं आहे. व्हॅन हेलनच्या 1982 च्या दौऱ्याच्या करारात ती अट छापलेली आहे : एम अँड एमच्या गोळ्या हव्यात, तपकिरी एकही नको. पण बाई, ही अट तुम्ही वर्गात देता त्या एका प्रश्नासारखी होती, ज्यावरून मुलाने धडा वाचला आहे की नाही ते कळतं.

त्यांचा गायक डेव्हिड ली रॉथ याने आत्मचरित्रात कारण सांगितलं आहे. तोवरचे बँड तीन ट्रक सामान आणायचे, हे नऊ आणायचे. करारात पानंच्या पानं तांत्रिक अटी : छताच्या तुळईने किती वजन पेलायला हवं, वीज किती अँपियर लागेल, दरवाजे किती रुंद हवेत. या जंगलात त्यांनी गोळ्यांची अट पेरून ठेवली. मेकअपच्या खोलीत शिरताच वाडग्यात तपकिरी गोळी दिसली, की समजायचं करार वाचलेला नाही, आणि मग वरपासून खालपर्यंत सगळं तपासायचं. कोलोरॅडोतल्या प्वेब्लो इथे आयोजकांनी वजनाची अट वाचलीच नव्हती आणि स्टेज नव्या कोऱ्या फरशीत रुतलं.

मीही आमच्या राइडरची, म्हणजे कराराला जोडलेल्या मागण्यांच्या यादीची, शेवटची पानं मुद्दाम बघायचे. आम्ही मागितलेल्या साध्या काळ्या टॉवेलांची संख्या बरोबर असली, तर त्या दिवशी वीजही बहुधा नीट असायची. टॉवेल कमी निघाले की मी मीटर दोनदा लावायचे.

प्रश्न : परदेशी गिटारी नेताना आणि परत आणताना कस्टमवाले त्रास देत नाहीत का?

उत्तर : कागद बरोबर असेल तर नाही. त्या कागदाला ‘एटीए कार्ने’ म्हणतात. सामानाचा तात्पुरता पासपोर्टच म्हणा. प्रत्येक देशातल्या व्यापारी महासंघामार्फत तो मिळतो, जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. त्यात प्रत्येक वस्तू, तिचा क्रमांक, वजन, किंमत आणि ती कुठे बनली ते लिहायचं, आणि प्रत्येक सीमेवर जाताना-येताना शिक्का घ्यायचा. अर्थ एवढाच, की हे सामान आम्ही इथे विकणार नाही, जेवढं आणलं तेवढं परत नेऊ.

‘जेवढं’ या शब्दाकडे नीट बघा. एकदा दौऱ्याच्या मध्यावर एक अ‍ॅम्प कायमचा बंद पडला. आम्ही त्याच मॉडेलचा दुसरा विकत घेतला, जुना तिथेच टाकला आणि पुढे निघालो. यादी बदलायची राहिली. ती यादी माझ्याकडे होती. सीमेवरच्या अधिकाऱ्याने छत्तीस केसमधली नेमकी तीच उघडली. क्रमांक जुळेना. पहाटे दोनपासून सकाळी आठपर्यंत ट्रक उभा होता, बर्फ पडत होता आणि आमचा चालक कायद्यानं ठरलेले आपले तास मोजत होता. अधिकाऱ्याची काही चूक नव्हती. त्या दिवसापासून मी बंद पडलेली वस्तूही घरी परत येईपर्यंत केसमधून काढली नाही.

लाकडाचंही पाहावं लागतं. 1950 च्या दशकातल्या कित्येक नामांकित गिटारींच्या पट्टीला ब्राझिलियन रोझवुड आहे, आणि ते झाड 1992 पासून साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात. अशा गिटारीला वेगळं प्रमाणपत्र लागतं. 2017 मध्ये सगळ्याच जातींच्या रोझवुडवर बंधनं आली होती. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, ब्राझिलियन वगळून. म्हणूनच पुष्कळ वादक आपली सर्वांत जुनी, सर्वांत लाडकी गिटार घरी ठेवतात आणि दौऱ्यावर तिची नवी प्रतिकृती वाजवतात. समोरच्या गर्दीत ते कोणाला कळत नाही. वाजवणाऱ्याला मात्र पहिल्या स्वरापासून कळतं.

प्रश्न : बँडचं स्वतःचं विमान असतं का? (नववीतला मुलगा)

उत्तर : बहुतेकांचं नसतं, भाड्याने घेतात. पण तुला आवडेल असं एक उदाहरण आहे. आयर्न मेडनने 2008 च्या दौऱ्यासाठी बोइंग 757 घेतलं, माणसं आणि सामान एकाच विमानात, आणि ते उडवायला त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन! तो खरोखर परवानाधारक व्यावसायिक वैमानिक होता. 2016 मध्ये त्यांनी त्याहून मोठं 747-400 घेतलं. त्या मार्चमध्ये चिलीच्या सँटियागो विमानतळावर ते ओढून नेताना ओढगाडी त्याच्यावर आदळली आणि दोन इंजिनं निकामी झाली. बँड दुसऱ्या विमानांनी पुढे गेला.

प्रश्न : मी स्टेडियममध्ये अगदी मागे बसले होते. पडद्यावर गायकाचे ओठ आधी हलत होते आणि आवाज मागून येत होता. यंत्रणा बिघडली होती का?

उत्तर : नाही, तुम्ही आवाजाचा वेग डोळ्यांनी पाहिलात. वीस अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटरवर तो पोहोचायला जवळजवळ 0.29 सेकंद लागतात, आणि पडद्यावरचा प्रकाश तर लगेच पोहोचतो. तेवढ्या वेळात व्हिडिओच्या सात चौकटी पुढे सरकलेल्या असतात.

मैदानाच्या मध्यावर जे मनोरे दिसतात त्यांत आणखी स्पीकर असतात. ते स्टेजबरोबरच वाजले, तर मागच्यांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. म्हणून मनोऱ्याचा आवाज मुद्दाम उशिरा सोडतात : मनोरा 80 मीटरवर असेल तर सुमारे 233 मिलिसेकंद, आणि वर आणखी दहा-पंधरा. हे वरचे थोडे का? आपला कान आवाजाची दिशा आधी आलेल्या लाटेवरून ठरवतो. स्टेजचा आवाज आधी कानावर पडला, की मनोरा जवळ असूनही मेंदू म्हणतो, आवाज समोरून येतोय. मला हे अजूनही अद्भुत वाटतं. दुपारी 32 अंशांना बसवलेला हिशोब रात्री 18 अंशांना पाच-सहा मिलिसेकंदांनी चुकतो, म्हणून चांगला ध्वनितंत्रज्ञ अंधार पडल्यावर एकदा मागेपर्यंत चालत जाऊन येतो.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी पहिल्यांदाच रॉक कॉन्सर्टला जाणार आहे. कानाला अपाय होईल का? (काळजीत असलेली आई)

उत्तर : ताई, तिला जाऊ द्या, पण कानात बोळे घालून पाठवा. कापसाचे नको, ते निरुपयोगी असतात. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे घ्या.

हिशोब असा. कामाच्या ठिकाणी 85 डेसिबल आवाज आठ तास सुरक्षित धरतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा : 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक. 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी घालून दिलेली मर्यादाही 15 मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबलची आहे, आणि हार्ड रॉकचा कार्यक्रम दोन तास चालतो.

घालायची पद्धत महत्त्वाची. बोळा दोन बोटांत फिरवून काडीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसता दाराशी टेकवलेला बोळा काही करत नाही. गाणं बोळ्यांतूनही नीट कळतं, उलट शब्द अधिक स्वच्छ येतात. आणि ‘स्पीकरच्या भिंतीसमोर उभी राहू नकोस’ एवढं सांगा.

मी हे इतकं आग्रहानं सांगते, कारण पहिली चार वर्षं मी बोळे घातले नाहीत. ड्रमच्या झांजांकडे असायचा त्या डाव्या कानात आज बारीक शिट्टी वाजत असते, हे लिहितानाही. रात्री घर शांत झालं की ती मोठी होते. तिच्यावर उपाय नाही.

प्रश्न : सत्तरी ओलांडलेले गायक रोज रात्री तसाच आवाज लावतात. गुपित काय?

उत्तर : रोज रात्री लावत नाहीत, हेच. एसी/डीसीचा 2024 चा युरोप दौरा पाहा : 17 आणि 21 मे गेल्सेनकिर्शेन, 25 ला रेज्जो एमिलिया, 29 ला सेव्हिल. या चार कार्यक्रमांमध्ये दर वेळी तीन दिवस मोकळे. त्यांचे गायक ब्रायन जॉन्सन तेव्हा 76 वर्षांचे होते. याच जॉन्सनना 2016 मध्ये डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताबडतोब थांबा नाहीतर पूर्ण बहिरे व्हाल. तेव्हा उरलेले कार्यक्रम गन्स अँड रोझेस या बँडच्या अ‍ॅक्सल रोझने गायले, आणि सुरुवातीचे तर मोडलेला पाय घेऊन खुर्चीत बसून. जॉन्सन परत आले याचा मला मनापासून आनंद झाला, वर दिलेल्या कारणामुळे जरा जास्तच.

बाकी उपाय जुनेच. गिटारी अर्धा स्वर खाली लावायच्या, म्हणजे गायकाला तेवढं कमी चढावं लागतं. गन्स अँड रोझेस तर पहिल्या अल्बमपासून तसंच करतात. आणि दोन अवघड गाण्यांच्या मध्ये गिटारचा लांब एकल तुकडा ठेवायचा. लोकांना ती वादकाची हौस वाटते. तेव्हा गायक पडद्यामागे वाफ घेत बसलेला असतो.

प्रश्न : गायक मध्येच गाणं थांबवून ‘मागे सरका’ म्हणतो. रसभंग होतो. हे सुरक्षारक्षकांनी पाहायचं ना?

उत्तर : रसभंग होऊ द्या. 3 डिसेंबर 1979 ला सिनसिनाटीत ‘द हू’च्या कार्यक्रमाआधी दारांशी 11 जण चेंगरून गेले. तिकिटांवर जागांचे क्रमांक नव्हते, उघडलेली दारं थोडी होती, आणि आतून आवाज आल्यावर लोकांना वाटलं सुरू झालं. 30 जून 2000 ला डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात ‘पर्ल जॅम’ वाजवत असताना स्टेजसमोर 9 तरुण चेंगरून मरण पावले. गर्दीत माणूस खाली पडला, की चार ओळी मागचा रक्षकही त्याला पाहू शकत नाही. उंचावरून, दिव्यांमधून, ते भोवऱ्यासारखं पडलेलं भोक दिसतं ते फक्त स्टेजवरच्या माणसाला. म्हणून थांबवण्याचा अधिकार कोणाचा आणि खूण कोणती, हे आता कार्यक्रमाआधी ठरवून ठेवतात. आमच्याकडे मी विंगेतून टॉर्च तीनदा लावायची आणि ड्रमर थांबायचा. चौदा वर्षांत चारदा लावला.

प्रश्न : दौऱ्यांच्या कमाईचे आकडे डोळे दिपवतात. एवढा पैसा कोणाला मिळतो?

उत्तर : ते आकडे एकूण तिकीटविक्रीचे असतात. गन्स अँड रोझेसच्या 2016 ते 2019 च्या दौऱ्याची विक्री 58 कोटी डॉलरच्या वर गेली होती. त्यातून सभागृह, आयोजक, जाहिरात, ट्रक, विमा, माणसं, हॉटेलं. शिवाय कलाकाराला कर त्याच देशात द्यावा लागतो जिथे तो वाजवतो. अमेरिकेत परदेशी कलाकाराच्या मानधनातून साधारणपणे 30 टक्के आधीच कापून घेतात. मोठ्या बँडला भरपूर उरतं. त्यांच्याआधी वाजवणाऱ्या छोट्या बँडला पुष्कळदा टी-शर्ट विकूनच पुढच्या शहराच्या डिझेलचे पैसे उभे करावे लागतात, म्हणून शक्य असेल तर टी-शर्ट त्यांचा घ्या.

प्रश्न : गिटार टेक्निशियनला कधी स्वतः स्टेजवर वाजवायला मिळतं का? आणि मला या कामात यायचं असेल तर सुरुवात कुठून करू? (वय 19)

उत्तर : मिळतं, क्वचित. 1986 मध्ये मेटालिका या बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड याचं मनगट स्केटबोर्डवरून पडून मोडलं, तेव्हा त्यांचा गिटार टेक्निशियन जॉन मार्शल त्याच्या जागी वाजवायला उभा राहिला. 8 ऑगस्ट 1992 ला माँट्रियलमध्ये आतषबाजीच्या ज्वाळेत हेटफिल्डचा हात भाजला, तेव्हाही पुन्हा मार्शललाच बोलावलं. हेटफिल्ड गायला आणि गिटार मार्शलने वाजवली. मी स्वतः एकदाच, दीड मिनिट, विंगेत उभी राहून, वादकाची तार तुटली आणि दुसरी गिटार त्याच्या गळ्यात पडेपर्यंत. समोरच्या कोणाला कळलं नाही. ड्रमरला कळलं, त्याने मान वळवून पाहिलं आणि तो हसला.

सुरुवात केबलपासून कर. दहा मीटरची एक केबल घे. कोपरावर गुंडाळू नकोस, त्याने आतली तार पिळली जाऊन तुटते. एक वेटोळं सरळ घ्यायचं, पुढचं मनगट आत वळवून उलटं, पुन्हा सरळ, पुन्हा उलटं. सगळी गुंडाळून झाली की एक टोक हातात धरून बाकीची दूर फेक. मध्ये एकही गाठ न पडता ती सरळ रेषेत जमिनीवर पडली पाहिजे. पडली, तर तुझ्या शहरात जिथे कुठे छोटा बँड वाजवतो तिथे कार्यक्रम संपल्यावर थांब आणि विचार, ‘केबली गुंडाळू का?’ मलाही पहिलं काम असंच मिळालं होतं.